फाशी झाली होती, मग गेली कुठं?

१८ जानेवारी २०२२ची संध्याकाळ. कोल्हापुरात कसबा बावड्यातल्या कोर्टातून घरी जाताना नेहमीच्या टपरीवर चहाला थांबलो. चहा यायच्या आधी प्रश्न आला.

"वकीलसाहेब, त्या गावित बहिणींची फाशी हायकोर्टानं काढली म्हणं. खरं हाय का?"

खरं होतं. बातमी येऊन काही तासच झाले होते. बाकड्यावरचे चार-पाचजण एकदम सुरू झाले. पंचवीस वर्षं सरकारनं फुकट पोसलं, असं एकजण म्हणाला. दुसऱ्यानं सगळ्या वकिलांना एका दमात शिव्या घातल्या आणि मग माझ्याकडं बघून "तुम्ही सोडून" अशी पुरवणी जोडली. कोपऱ्यातले एक वयस्कर गृहस्थ बराच वेळ गप्प होते. ते म्हणाले, "शहाण्णव साली आमच्या घरातल्यांनी पोराला अंबाबाईच्या देवळात न्यायचंच सोडलं होतं. गर्दी म्हटली की भ्याच वाटायचं."

तेव्हापासून हे असले प्रश्न मी गोळा करत आलोय. घरातल्याच माणसांनी केलेला खून आणि त्याचा गाजलेला खटला म्हटला की टपरीवर, तालमीत, रंकाळ्यावर फिरताना तेच पाच-सहा प्रश्न पुन्हा येतात. राग खरा असतो, पण बहुतेक वेळा त्याचा पत्ता चुकलेला असतो. तो जातो कायद्याच्या नियमांवर, आणि खटला जिथं खरोखर गळतो तिथं कुणाचं लक्ष नसतं.

गावित प्रकरण नव्या पिढीला नीट माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. अंजनाबाई गावित, तिच्या दोन मुली रेणुका आणि सीमा, आणि रेणुकाचा नवरा. एकाच घरातले चौघं. जत्रा, देवळं, एसटी स्टँड अशा गर्दीत पाकीट मारायचं, आणि कुणी हटकलंच तर कडेवरचं लेकरू पुढं करायचं, म्हणजे लोकांना दया येते. त्यासाठी १९९० ते १९९६ या काळात तेरा मुलं पळवल्याचा आणि त्यांतली नऊ मारल्याचा आरोप त्यांच्यावर होता. १९९६ च्या अखेरीला ते पकडले गेले. खटला कोल्हापूरच्या सत्र न्यायालयात चालला. निकाल लागायच्या आधीच अंजनाबाई तुरुंगात वारली. जून २००१ मध्ये दोन्ही बहिणींना फाशी सुनावली गेली, २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आणि ऑगस्ट २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. त्या स्त्रिया आहेत एवढं सोडलं तर दयेला जागा नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं निकालात लिहिलं.

आरोपातले सगळे खून मात्र सिद्ध झाले नाहीत. जे पुराव्यात बसले तेवढेच धरले गेले. फाशीला तेवढेही पुरले.

आता या यादीत चौघं होते आणि शिक्षा दोघींनाच झाली. अंजनाबाई गेली. मग जावई कुठं गेला? हा प्रश्न आजही मला कुणी ना कुणी विचारतं, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात 'काहीतरी सेटिंग झालं असणार' हे असतंच. जावई माफीचा साक्षीदार झाला. म्हणजे गुन्ह्यात सामील असलेल्या माणसाला न्यायालय एका अटीवर माफी देतं: तुला जे जे ठाऊक आहे ते सगळं, स्वतःच्या सहभागासकट, कोर्टात खरंखरं सांगायचं. काही लपवलं किंवा खोटं बोललास तर माफी जाते आणि पुन्हा आरोपी म्हणून उभं राहावं लागतं. तो आधीपासून जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत त्याला कोठडीतून सोडतही नाहीत, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

असा माणूस का लागतो? कारण घरातल्या घरात शिजलेल्या गुन्ह्याला बाहेरचा साक्षीदार मिळत नाही. कोणतं मूल कुठून उचललं, कुठल्या खोलीत ठेवलं, कुठं टाकलं, हे बाहेरच्याला कळणार कसं? माफीच्या साक्षीदाराचा शब्दही न्यायालय आहे तसा उचलत नाही. महत्त्वाच्या मुद्द्यांवर दुसऱ्या पुराव्याचा आधार बघतं. लॉजच्या रजिस्टरातली नोंद असेल, मुलाला त्यांच्याबरोबर पाहिलेला कुणी शेजारी असेल, पळवलेल्या मुलाच्या आईनं ओळखलेले कपडे असतील. एका चोराच्या सांगण्यावरून दुसऱ्याला फासावर चढवू नये, ही काळजी आपल्या कायद्यात ब्रिटिशांच्या वेळेपासून आहे. जावई सुटल्याचं मलाही आवडत नाही. पण तो बोलला नसता तर काय काय सिद्ध करता आलं असतं याचा विचार केला, की मी तो विषय पुढं नेत नाही.

आता ती फाशी रद्द झाली कशी, ते. सर्वोच्च न्यायालयानंतर आरोपीला राज्यपाल आणि राष्ट्रपती यांच्याकडं दयेचा अर्ज करता येतो. या बहिणींनी तो केला. राज्यपालांनी फेटाळला, आणि शेवटी २०१४ मध्ये राष्ट्रपतींनीही फेटाळला. मधे गेली जवळपास आठ वर्षं. त्याच २०१४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं एका वेगळ्या प्रकरणात सांगितलं होतं की दयेच्या अर्जावर सरकारनं विनाकारण, अवाजवी उशीर केला तर फाशीची जन्मठेप करण्यासाठी तेवढं कारण पुरेसं आहे. आज नेतील की उद्या, या धास्तीत माणसाला वर्षानुवर्षं ठेवणं ही शिक्षेवर वरून लादलेली दुसरी शिक्षा आहे, असा त्यामागचा विचार. त्या आधारावर २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं फाशीची जन्मठेप केली. बहिणींनी सुटकाही मागितली होती, ती दिली नाही.

म्हणजे हायकोर्टानं त्यांना निर्दोष म्हटलं नाही, गुन्हा हलका आहे असंही म्हटलं नाही. अर्जाचा कागद सरकारी टेबलांवरून सावकाश हिंडत राहिला, त्या दिरंगाईवर न्यायालयानं कडक शब्दांत ताशेरे ओढले. टपरीवर त्या संध्याकाळी मी हे समजावलं तेव्हा मघाचाच गडी म्हणाला, "म्हणजे कोर्टानं न्हाई, साहेबानं सोडवलं." कायद्याच्या भाषेत हे वाक्य बसणार नाही, पण त्याला मुद्दा कळला होता.

दुसरा प्रश्न त्याहून जुना. "पोलिसांपुढं कबूल केलंय की! पेपरात आलंय. मग चार वर्षं कसला खटला चालवताय?"

पोलिसांपुढं दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. कारण उघड आहे: ठाण्याच्या आत कबुली कशी मिळते हे ब्रिटिशांनाही माहीत होतं आणि आपल्यालाही आहे. पण त्याला एक दार ठेवलंय. आरोपीनं सांगितलं की कोयता अमुक विहिरीत टाकलाय, आणि पंचांसमक्ष विहिरीतून खरंच कोयता निघाला, तर सांगण्यातला त्या कोयत्यापुरता भाग पुराव्यात घेता येतो. 'मी खून केला' हे वाक्य गळतं, 'विहिरीत टाकलाय' हे राहतं. म्हणून पोलीस आरोपीला घेऊन शेतात, ओढ्याकाठी फिरताना दिसतात. पाहणाऱ्यांना वाटतं धिंड काढलीय. प्रत्यक्षात खटल्यातला सगळ्यात कामाचा पंचनामा कधी कधी तिथंच होत असतो.

तोंडावर काळं फडकं का टाकतात, हा त्याचाच जोडप्रश्न. "लाज वाटते व्हय त्याला?" लाजेचा संबंध नाही. पुढं ओळख परेड घ्यायची असते. पाच-सहा सारख्या दिसणाऱ्या माणसांत उभं करून साक्षीदारानं आरोपी ओळखायचा असतो. त्याआधी त्याचा फोटो प्रत्येक मोबाईलवर पोचला असेल तर बचावाचा वकील उलटतपासात एवढंच विचारतो, "तुम्ही यांना परेडच्या आधी फोटोत पाहिलं होतं का?" साक्षीदार प्रामाणिक असेल तर 'हो' म्हणतो आणि ती परेड कागदापुरती उरते. संतापून 'हाच तो नराधम' म्हणून फोटो पुढं ढकलणारे भाऊ त्या नराधमाच्या वकिलाचं काम सोपं करत असतात. कुणाला दुखवायचं म्हणून सांगत नाही, पण मी स्वतः बचावाच्या बाजूनं हा प्रश्न विचारलेला आहे.

वकिलांवरूनही बोलणी होतात. असल्या माणसाचं वकीलपत्र घेतंच कोण? काही ठिकाणी बार असोसिएशननं ठरावही केले आहेत की अमुक आरोपीची बाजू कुणी मांडायची नाही. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१० मध्ये असे ठराव बेकायदा आणि वकिली धर्माविरुद्ध असल्याचं स्पष्ट सांगितलं. घटनेच्या बाविसाव्या कलमानुसार अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क आहे, आणि ज्याला परवडत नाही त्याला विधी सेवा प्राधिकरणामार्फत वकील मिळतो. हक्क बाजूला ठेवू आणि फक्त व्यवहार बघू. वकिलाशिवाय चाललेल्या खटल्यात झालेली शिक्षा वरच्या कोर्टात टिकत नाही. खटला पुन्हा पहिल्यापासून चालवायची पाळी येऊ शकते, तोवर साक्षीदार म्हातारे झालेले असतात. ज्याला आरोपी आत राहावा असं वाटतं, त्यानं तर त्याला चांगला वकील मिळावा म्हणून अंबाबाईला नवस बोलायला हवा.

राग कसा पत्ता चुकतो याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण आपल्याकडचं नाही, नोएडातलं आहे. १६ मे २००८ ला सकाळी तेरा वर्षांची आरुषी तलवार घरात मृत सापडली. घरातला नोकर हेमराज बेपत्ता होता. झालं! एका दिवसात देशाला खुनी सापडला. नोकरांवर विश्वास ठेवायची सोय राहिली नाही वगैरे चर्चा सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीच्या गच्चीवर हेमराजचं प्रेत सापडलं. जो खुनी ठरला होता त्याचाही खून झाला होता. मग सगळ्या बोटांनी दिशा बदलली आणि ती आईवडिलांकडं वळली. सीबीआयनं २०१० मध्ये पुरावा अपुरा म्हणून प्रकरण बंद करायचा अहवाल दिला, न्यायालयानं तो नाकारून आईवडिलांवरच खटला चालवला, २०१३ मध्ये जन्मठेप झाली, आणि २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं दोघांना निर्दोष सोडलं. दरम्यान घरोघरी लोक तीन वेळा 'मी म्हटलंच होतं' असं म्हणून झाले होते.

लोकांचं मत आरोपीच्या विरोधातच जातं असंही नाही. १९५९ च्या मुंबईतल्या नानावटी प्रकरणात बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणारा नौदलाचा अधिकारी लोकांच्या गळ्यातला ताईत झाला होता. ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतांनी त्याला निर्दोष ठरवलं. उच्च न्यायालयानं ते फिरवून जन्मठेप दिली आणि सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. पुढं त्याला माफीही मिळाली. प्रेम असो की राग, पुराव्याकडं बघायची सवड दोन्हींत नसते.

घरातल्या खुनात पुरावा म्हणजे तरी काय? बहुधा डोळ्यांनी पाहिलेला कुणी नसतो. दार आतून बंद, रात्रीची वेळ, घरात तीन माणसं, त्यातलं एक मेलेलं. मग परिस्थितीच्या पुराव्यावर खटला उभा राहतो, आणि त्याची कसोटी आपल्या महाराष्ट्रातल्याच एका खटल्यातून आली. वकील मंडळी त्याला 'सारडा केस' म्हणतात. १९८२ मध्ये पुण्यात एका विवाहितेचा विषानं मृत्यू झाला. नवऱ्याला सत्र न्यायालयानं फाशी दिली, उच्च न्यायालयानं कायम केली, आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडलं. त्या निकालात पाच तत्त्वं सांगितली, ज्यांना न्यायालयानंच 'पंचशील' म्हटलं. पाचही इथं उतरवत नाही, मेख एवढीच आहे: 'यानं केला असेल' आणि 'यानंच केलाय' यांत मोठं अंतर आहे, आणि ते पुराव्याच्या कड्या जोडूनच ओलांडायचं. एक कडी निखळली तरी संशयाचा फायदा आरोपीला. टपरीवर आपण सगळे 'असेल' वर असतो आणि बोलतो मात्र 'आहेच' च्या आवाजात.

पण मग चार भिंतींआड मारणारा प्रत्येकजण सुटायचा, असं नाही होणार? यालाही उत्तर आहे. जी गोष्ट फक्त तुलाच ठाऊक असू शकते तिचा खुलासा तू करायचा, असं पुरावा कायदा सांगतो. महाराष्ट्रातल्याच एका हुंड्याच्या खुनात सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये याचा अर्थ उलगडला. त्या रात्री घरात तू होतास, बायको तुझ्यासमोर मेली, आणि तू नुसता गप्प बसलास किंवा उघड खोटं सांगितलंस, तर ते गप्प बसणं किंवा खोटं सांगणंच साखळीतली एक कडी धरता येतं. मात्र आरोपी त्या वेळी घरात होता हे आधी पोलिसांनी सिद्ध करायचं. तिथं शेजारी लागतो, भाऊबंद लागतो, कामवाली बाई लागते.

आणि नेमके तिथंच खटले गळतात. बाहेरच्या माणसानं खून केला तर सगळं घर साक्षीला धावतं. घरातल्यानं केला तर मेलेलीही आपली आणि मारणाराही आपला. पोलिसांना पहिल्या दिवशी घडाघडा सांगणारी जाऊ दोन वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात येते तेव्हा तिला काही आठवत नसतं. मधल्या काळात घरात बैठक झालेली असते. 'गेलेलं माणूस परत येणार हाय का? हाय त्याला आत घालून पोरांचं काय करायचं?' आम्ही याला साक्षीदार फितूर झाला म्हणतो. शब्द मोठा वाटतो. प्रत्यक्षात ती बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत असते आणि सासरा मागच्या बाकावर बसलेला असतो. २०१८ पासून साक्षीदारांना संरक्षण देण्याची योजना सर्वोच्च न्यायालयानं देशभर लागू केली आहे, धोका असलेल्या साक्षीदाराला त्यासाठी अर्ज करता येतो. पण जिला धोका स्वतःच्या स्वयंपाकघरात आहे, तिनं पोलीस बंदोबस्त कुठं लावायचा?

म्हणून हुशार तपास अधिकारी अशा साक्षीदाराचा जबाब लवकरात लवकर दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवून घेतो. तो जबाब एकटा शिक्षेला पुरत नाही, पण पुढं पलटी मारणाऱ्याला त्याची आठवण करून देता येते.

निकालाच्या दिवसाबद्दल एक राहिलं. सत्र न्यायालयानं फाशी सुनावली की 'फाशी झाली' अशी बातमी येते आणि पेढे वाटले जातात. ती फाशी तेव्हा अर्धीच असते. उच्च न्यायालयानं पुष्टी दिल्याशिवाय ती अमलात येऊच शकत नाही, आरोपीनं अपील केलं नाही तरीसुद्धा. कोल्हापुरात ऑगस्ट २०१७ मध्ये मुलानंच आईचा अमानुष खून केल्याचं प्रकरण घडलं. सत्र न्यायालयानं जुलै २०२१ मध्ये फाशी दिली आणि उच्च न्यायालयाची पुष्टी ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. त्यासाठी सगळे कागद मुंबईला जात. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं काम आता इथं चालतं. टपरीवरच्या मंडळींना हवं तर कामावरून एक दिवस सुट्टी टाकून असली सुनावणी मागच्या बाकावर बसून ऐकता येईल. एकदा ऐकाच. कंटाळा येईल. दिवसभर एका पंचनाम्यातल्या वेळेवर वाद चाललेला असतो.

मध्यंतरी एका घरगुती खुनाच्या तारखेला कोर्टाच्या आवारात गर्दी जमली होती. आरोपीची गाडी आली तशी 'फाशी द्या, फाशी द्या' सुरू झालं. पुढच्या रांगेत एक ओळखीचा पोरगा होता, आवाज बसेपर्यंत ओरडत होता. दुपारी तो माझ्या टेबलाशी आला. खिशातून घडी घातलेला कागद काढला. समन्स होतं, त्याच खटल्याचं. घटनेच्या रात्री पोलिसांनी रस्त्यावरून बोलावून त्याची पंच म्हणून सही घेतली होती.

"दादा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हे टाळता येईल का कसं? कामावर खाडा पडतोय. आणि ती माणसं आमच्याच गल्लीतली हाईत."